पायाळूचा डावा पाय

मी पायाळू आहे. जन्माच्या वेळी डोकं आधी येण्याऐवजी माझे पाय आधी आले. अशा माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. खरं-खोटं मला विचारू नका. मी बारावी शिकले आहे, गावातल्या बचत गटाची अध्यक्ष होते, आणि तरी आजवर कोणाला 'जा, असं काही नसतं' म्हणून दारातून परत पाठवलेलं नाही. बाई कण्हत कण्हत येते, सपरीत पालथी झोपते. मी तिच्या कमरेला उजवा पाय तीनदा टेकवते. ती उठते नि घरी जाते. कोणाची उसण उतरते, कोणाची नाही. ज्यांची उतरते त्या चार गावांत सांगत फिरतात, ज्यांची नाही उतरत त्या गप्प बसतात. असं माझ्या पायाचं नाव झालं.

आमचं गाव वडशापासून आत, जंगलाला लागून. धानाचा मुलूख. रोवणी लागली की बाया सकाळपासून सांजेपर्यंत चिखलात वाकून, एकेक पाऊल मागं सरकत रोप लावतात. कमरा धरणारच. त्या दिवसांत आमच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, कामावर जायच्या आधी आणि कामावरून आल्यावर बायांची रीघ लागायची. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, खाटेवर बसून कारभार पाहायच्या. "तू सरक वं जराशी. हे लेकुरवाळी हाये, हिले पहिले झोपू दे." पाय माझा, पण हुकूम त्यांचा, असा एकूण थाट.

हे आधी सांगायचं कारण असं की माझा घोटा पडल्यामुळे थोडाच मोडला. बाकीचा या पायाळूपणानं मोडला. मोठ्या दुखण्यांवर माणसं लिहितात, पण पाय मुरगळला यात लिहिण्यासारखं काय असतं? मीही असंच म्हणत होते. म्हणूनच लिहायला बसले आहे.

पडले तो दिवस

डोक्यावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालले होते. रात्रीच्या पावसानं धुरा निसरडा झालेला. डावा पाय आत मुडपला आणि मी पेंढ्यांसकट खालच्या बांधीत, चिखलानं भरलेल्या वाफ्यात, बसले. आत सुकी काडी मोडल्यासारखा आवाज झाला. तो मलाच ऐकू आला. शेजारची कमल माझ्यासोबत रोवणीला असते. तिनं मला हात दिला, चिखल धुतला आणि तिच्या खांद्यावर भार टाकून मी लंगडत घरी आले.

आत्याबाईंनी सपरीतूनच पाहिलं. "काऊन वं, का झालं? कोनता पाय?"

"डावा," कमल म्हणाली.

"उजवा तं नाई ना?"

"नाई."

"मंग वाचलं बाप्पा. डाव्याचं का एवढं, मुरगळला असन."

कमललाही तसंच वाटलं. आणि खरं सांगते, मलाही. पाय ठणकत होता, पण मनात पहिला विचार आला तो हाच, की बरं झालं, उजवा वाचला. हळद-मीठ गरम करून लेप लावला, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. रात्रीतून घोटा सुजला, निळा डाग बोटांपर्यंत उतरला. पण पाय टेकता येत होता. आमच्याकडे एक पक्की समजूत आहे, की चालता आलं म्हणजे हाड मोडलेलं नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची तशीच समजूत असेल, तर ती आजच काढून टाका. मोडलेल्या हाडावर माणूस चालू शकतो. मी चालले आहे.

रोवणीला जाणं बंद केलं. घरी बसले. पण घरी बसले म्हणजे उसणवाल्या बायांची आणखीनच सोय झाली, आता मी कधीही सापडायची. त्या येत राहिल्या. आत्याबाई म्हणत, "तिचा डावा दुखते, उजव्याले का झालं? ये, झोप." मग मी दाराची चौकट धरून उभी राहायची आणि उजवा पाय उचलायची.

उजवा उचलला की सगळा भार डाव्यावर. समजायला शिक्षण लागत नाही, लहान पोरालाही कळेल. पण ना मला सुचलं, ना आत्याबाईंना, ना पालथ्या झोपलेल्या त्या बायांना. सगळ्यांचं ध्यान उजव्या पायावर. डाव्यातून कळ मस्तकात जायची, मी दात आवळून तीनदा पाय टेकवायची, आणि खाली झोपलेली बाई म्हणायची, "हाव बाई, उतरून राह्यली." तिची उतरत होती आणि माझी चढत होती.

ब्रह्मपुरी

माझे यजमान दिवाकर वडशाला राईस मिलमध्ये कामाला आहेत. ते रोज म्हणायचे, चल दाखवून येऊ. मी म्हणायची, रोवणी सरू द्या. रोवणी सरली. सूज थोडी उतरली तेव्हा दिसलं की पायाचा आकारच बदललाय. टाच बाहेरच्या अंगाला कललेली. चप्पल घातली की पाऊल तिच्यातून एका बाजूला ओघळायचं. त्या दिवशी दिवाकरांनी काही विचारलं नाही. गाडी काढली आणि मला मागं बसवून ब्रह्मपुरीला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं.

फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, मग माझ्याकडे पाहिलं.

"केव्हापासून आहे हे?"

"रोवणी लागली तवापासून."

"आणि इतके दिवस यावर चाललात?"

"चालली. अन् उभी बी राह्यली."

"उभी म्हणजे?"

 दिवाकरांनी सांगितलं सगळं, पायाळू, उसण, उजवा पाय. मला वाटलं डॉक्टर आता हसणार, नाहीतर ओरडणार. त्यांनी दोन्ही केलं नाही. पेनाच्या टोकानं फोटोवर दाखवलं. "सुरुवातीला इथं साधी चीर असणार. प्लास्टरमध्ये आपोआप जुळली असती. तुम्ही एका पायावर उभं राहून राहून हाड सरकवलंत. आता ते वाकडंच जुळायला लागलंय. सोडवून, सरळ करून, पट्टी आणि स्क्रू बसवावे लागतील."

मी विचारलं, "चालता येईल ना?"

"चालाल. घरात, रस्त्यावर चालाल. पण या पायावर एकट्यावर तोल धरता येईल का, चिखलात उतरता येईल का, ते मी आज सांगू शकत नाही."

बाहेर बाकावर येऊन बसले आणि मला रडू फुटलं. दिवाकरांना वाटलं ऑपरेशनला घाबरली. ऑपरेशनचं नव्हतं. ज्यानं रोवणी केली नाही त्याला कळणार नाही. चिखलात दोन पायांवर कोणी चालत नाही. एक पाय रुतलेला असतो, त्याच्यावर उभं राहून दुसरा उपसायचा असतो. डावा धरणार नसेल तर माझी रोवणी संपली. आणि रोवणी म्हणजे नुसतं काम नव्हे. वर्षभर घराघरात विखुरलेल्या आम्ही बाया तेवढ्या दिवसांत एका ओळीत असतो. त्या ओळीत माझी जागा कमलच्या डाव्या हाताला. मी धुऱ्यावर बसून दुसऱ्यांची पाठ पाहायची, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

वॉर्ड

कमरेत सुई दिली. थोड्या वेळानं खालचं अंग गेलं. पडद्यापलीकडे खटखट ऐकू येत होती, सुतारकाम चालावं तशी, आणि ती माझ्याच पायात चालली आहे हे कळत होतं, पण लागत काहीच नव्हतं. भूलवाल्या बाई डोक्याशी बसून माझ्याशी रोवणीचंच बोलत होत्या. त्यांच्या माहेरीही धान होतं. तेवढ्या वेळात त्यांनी मला माझ्या पायापासून दूर ठेवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

भीती वाटली ती नंतर, संध्याकाळी. डॉक्टर म्हणाले बोटं हलवा, आणि बोटं हलेनात. मी त्यांच्याकडे पाहते आहे, ती माझ्याकडे पाहताहेत. सिस्टर म्हणाल्या, भूल उतरली नाही अजून. मला पटेना. अंगठा पहिल्यांदा हलला तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं "हलला" म्हणाले की सगळा वॉर्ड माझ्याकडे पाहायला लागला.

शेजारच्या खाटेवर धानोऱ्याकडची एक म्हातारी होती, मांडीचं हाड मोडलेली. लेकीशी गोंडी बोलायची, माझ्याशी मोडकं मराठी. वॉर्डात सगळं घड्याळावर. पहाटे सिस्टर ताप पाहायची, मग चहा, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी, मग भेटायला येणाऱ्यांचे डबे. पाय उशीवर उंच ठेवायचा, हृदयाच्या वर, असं सांगितलेलं. झोपेत माझा पाय उशीवरून घसरायचा. म्हातारीला स्वतःला हलता येत नव्हतं, पण डोळे माझ्या उशीवर. पाय घसरला की लेकीला उठवायची आणि लेक माझा पाय पुन्हा उशीवर ठेवायची. मी संकोचानं म्हटलं, राहू द्या. तर म्हातारी म्हणाली, "माझा तर बांधला आहे. तुझाच पाहते." अशा माणसांमुळे दवाखाना सोसवतो.

घर

दीड महिना डावा पाय प्लास्टरमध्ये, जमिनीला लावायचा नाही, असा हुकूम. वॉकर धरून एका पायावर उड्या. आमचा संडास बसायचा, म्हणून दिवाकरांनी भोक पाडलेली खुर्ची आणली. लाज वाटली. दोन दिवसांनी लाज गेली, कारण ती खुर्ची नसती तर काय झालं असतं हे कळलं. ज्यांच्या घरी असा पेशंट येणार आहे त्यांनी औषधाच्या आधी ती खुर्ची आणावी.

मुलगी तिच्या सासरहून, कोरपन्याहून, आठ दिवस येऊन गेली. ती गेल्यावर घरात आम्ही तिघंच, आणि त्या तिघांत बोलणं नाही. दिवाकर आईशी बोलत नव्हते. ताट वाढलं की जेवायचे, उठायचे. एकदाच म्हणाले, "तुझ्या दुकानदारीनं हिचा पाय गेला." आत्याबाई पदरानं तोंड पुसत आत गेल्या. मी मध्ये पडायला हवं होतं. पडले नाही. मला राग होता. मी तेव्हा चौकट धरून कळ सोसत उभी होते आणि या खाटेवरून 'ये, झोप' म्हणत होत्या, हे मला पुन्हा पुन्हा आठवायचं. मी स्वतःच पाय उचलत होते, मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं, हेही आठवायचं, पण राग करायला समोर दुसरं माणूस असलं की सोपं जातं.

आणि तरी माझी आंघोळ आत्याबाईच घालायच्या. पायाला प्लास्टिकची पन्नी बांधायच्या, वरून दोरी, मग पाणी.  पायाकडे पाहायच्यासुद्धा नाहीत. कोणी उसणवाली आली तर दारातूनच लावायच्या. "आता नाई होत इथी. दवाखान्यात जाय, फोटो काढ." हे त्यांच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदा थोडं बरं वाटलं.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय ओळखू येईना. पोटरी वाळलेली, कातडीवर खपल्या, घोटा लाकडासारखा. व्यायाम शिकवणारी मुलगी होती, फिजिओथेरपीची. ती म्हणाली, अंगठ्यानं हवेत अक्षरं लिहा, अ पासून ज्ञ पर्यंत, मोठी मोठी. मी खाटेवर बसून लिहायला लागले. आत्याबाईंनी बरेच दिवस पाहिलं, मग राहवलं नाही.

"का करून राह्यली?"

"लिहून राह्यली."

"पायानं?" त्या खाटेजवळ आल्या. "देवाचं नाव नको लिहू बरं."

मला हसू आलं. ऑपरेशननंतरचं ते पहिलं. देवाचं नाव लिहिलं नाही. त्यांचंच लिहिलं, रोज, मोठ्या अक्षरांत. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे ती मजा माझ्यापुरती राहिली. महिनाभर कोणाचं नाव असं लिहिलं की त्या माणसावरचा राग तेवढा टिकत नाही, हेही कळलं.

तोल

वॉकर सुटला, काठी आली. काठी सुटली, भिंत आली. दसऱ्यानंतर मी अंगणात मोकळी चालू लागले, थोडी लंगडत. लोक म्हणायचे, झाली की बरी. मला माहीत होतं मी बरी नाही. डाव्यावर एकटं उभं राहायचं म्हटलं की घोट्याच्या आधी छाती थरथरायची. खांबाला बोट लावलं की उभी राहायची, बोट काढलं की उजवा पाय आपोआप खाली. घोटा पुन्हा 'कट' करणार, हे कानातच बसलं होतं.

शेवटच्या तपासणीला दिवाकरांना सुटी मिळाली नाही. आत्याबाई सोबत आल्या, बसनं. व्यायामाच्या त्या मुलीनं मला खूप वेळा उभं करून पाहिलं. दर वेळी मी दांडी धरली. डॉक्टरांनी नवा फोटो पाहिला. "हाड उत्तम जुळलंय. ताकदही आली आहे. पाय तयार आहे, यांचाच त्याच्यावर भरवसा नाही. असंच राहिलं तर घोटा सवयीनं असाच राहील." बसमध्ये परत येताना मी म्हटलं, "आत्याबाई, पुढच्या साली मी रोवणीले नाई येत आता." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. 

त्यानंतर काही दिवसांची गोष्ट. धान कापणीला आलेलं. दिवाकर कामावर गेले होते. मी अंगणात तांदूळ निवडत होते. आत्याबाई विहिरीवरून आल्या, पाण्याची गुंडी ठेवली, कमरेवर हात ठेवला आणि "आई वं" करत सपरीत बसल्या.

"का झालं?"

"उसण भरली."

"थांबा, मलम आणते. हे आले की दवाखान्यात जाऊ."

"दवाखाना नाई लागत." त्या सपरीतल्या सपरीत पालथ्या झाल्या. "पाय ठेव."

मी सूप खाली ठेवलं. आमच्या घरात सुनेचा पाय सासूच्या अंगाला चुकून लागला तरी सून लगेच वाकून पाया पडते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून आत्याबाईंनी गावभरच्या बायांना माझ्या पायाखाली झोपवलं, पण स्वतःला उसण भरली की त्या पलीकडच्या गावात दुसऱ्या पायाळूकडे जायच्या. सुनेचा पाय मी अंगावर घेऊ काय, असं उघड म्हणायच्या.

"आत्याबाई, उठा. मले नका सांगू हे."

"मीच सांगून राह्यली ना. ठेव."

"मले उभं नाई राहवत, तुम्ही पाह्यलं नाई का तिथी?"

"पाह्यलं. ठेव पाय. दुखून राह्यलं मले."

मी जवळ गेले. सवयीनं हात खांबाकडे गेला. खांब त्यांच्या डोक्याकडे होता, त्या अशा झोपल्या होत्या की कमरेपाशी उभं राहिलं तर खांबाला हात पोचत नव्हता. मी म्हटलं, जरा वर सरका. त्या सरकल्या नाहीत. लुगड्याखाली त्यांची कंबर एवढीशी, हाडं वर आलेली. हिच्यावर तोल जाऊन पडले तर या मोडतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. पडायचं नव्हतं, काही झालं तरी पडायचं नव्हतं. मी डावा पाय रोवला, उजवा उचलला आणि त्यांच्या कमरेला टेकवला. नुसता लावला, भार दिला नाही. भार डाव्यावर होता. पुन्हा टेकवला, पुन्हा टेकवला. 'कट' झालं नाही. घोटा थरथरत होता, पण धरून होता. उजवा खाली घ्यायचं मला भान राहिलं नाही, मी तशीच एका पायावर उभी.

खालून आत्याबाईंचा आवाज आला. "डावा दुखला का?"

"नाई," मी म्हटलं. 

"मंग झालं."

त्या उठल्या. हात टेकला नाही, कुशीवर वळल्या नाहीत, सरळ गुडघ्यावर आल्या आणि उभ्या झाल्या. पदर खोचला, भरलेली गुंडी कमरेवर घेतली आणि आत गेल्या.

उसण भरलेलं माणूस असं उठत नाही. मी जन्मभर पाहत आले आहे.